ओळीअखेरची अदृश्य खूण

आज्ञावली लिहिण्यासाठी कोड एडिटर निवडताना बहुतेक लोक त्याचे रंगरूप आणि वेग पाहतात. परंतु ज्याला कचेरीत विंडोजवर व घरी लिनक्सवर एकाच फाइलीत काम करावयाचे आहे, त्याने सर्वांआधी जी गोष्ट तपासावी ती डोळ्यांना दिसतच नाही, आणि ती म्हणजे ओळ संपल्याची खूण.

टेलिटाइप यंत्रावर ओळ संपली की मुद्रणाचा भाग डाव्या कडेस परत नेणे आणि कागद एक ओळ पुढे सरकवणे अशी दोन कामे असत, व १९६३ च्या आस्की संकेतमालेत त्यांना १३ आणि १० असे स्वतंत्र क्रमांक बहाल झाले. यंत्रे कालबाह्य झाली, तरी डॉसच्या वारशाने विंडोजने दोन्ही खुणा जतन केल्या, युनिक्सने व पुढे लिनक्सने एकट्या १० वर भागवले, आणि मॅकिंटॉशने आरंभी एकट्या १३ चा अंमल चालवून ओएस टेनपासून युनिक्सचा रिवाज पत्करला. म्हणूनच विंडोजवर जतन केलेली बॅश स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की पहिल्या ओळीत लिहिलेल्या, आज्ञा चालवणाऱ्या बॅशच्या पत्त्यातच ओळीअखेरचा तो १३ मोजला जातो, आणि पत्ता वाचावयास बिनचूक असूनही ‘बॅड इंटरप्रिटर’ असा शेरा मिळून काम तहकूब होते. खुद्द विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी ओळखण्यास २०१८ साल उजाडावे लागले, ही दिरंगाई कोणत्याही सरकारी दप्तराला शोभली असती!

नोटपॅड प्लस प्लस या बाबतीत चोख आहे, पण तो विंडोजपुरताच. २०१५ साली आलेला व्हीएस कोड तिन्ही प्रणालींवर चालतो आणि खालच्या पट्टीत ‘सीआरएलएफ’ (१३ व १०) की ‘एलएफ’ (फक्त १०) हे दाखवून तेथेच बदलण्याची मुभा देतो. मात्र त्याच्या पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर असल्याने जुन्या यंत्राची स्मृती तो सढळ हाताने खर्चतो. १९९१ पासूनचा व्हिम मिताहारी असून दूरच्या सर्व्हरवर केवळ टर्मिनलमधूनही चालतो, परंतु त्याच्या आज्ञा अंगवळणी पडण्यास चिकाटी लागते. माझ्या मते नवशिक्याने व्हीएस कोड घ्यावा आणि व्हिम जुजबी तरी शिकून ठेवावा. सहकारी निरनिराळे एडिटर वापरत असतील तर प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात ‘डॉट एडिटरकॉन्फिग’ नावाची फाइल ठेवून तीत ओळीअखेर ‘एलएफ’ असावे असे नमूद करावे; नव्या व्हिमसोबत ती वाचणारे प्लगिन येते, पण ते सुरू करावे लागते, तर व्हीएस कोडला त्यासाठी एक छोटे एक्स्टेन्शन जोडावे लागते.