हरवलेल्या फाईलची केस हिस्टरी

रुग्णाची हकीकत नीट ऐकल्याशिवाय औषध लिहू नये, हे आपणा सर्वांना विद्यार्थिदशेतच शिकविले जाते. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच नियम मी विसरलो आणि चार वर्षांच्या नोंदी गमावण्याच्या बेतात आलो. तो अनुभव समव्यवसायी मित्रांपुढे ठेवावासा वाटतो.

सन २००६ चा पावसाळा. लोधीखेड्यातील माझ्या दवाखान्यात सकाळी संगणक सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली : ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच ओळ. समोर शेजारच्या खेड्यातील एक आजी अपस्मार असलेल्या नातवाला घेऊन बसल्या होत्या. त्याच्या गोळ्यांची मात्रा मी दर भेटीत थोडी बदलत होतो आणि ती नोंद फक्त संगणकात होती.

“कागद घरीच राहिला जी, डॉक्टरसाहेब,” आजी म्हणाल्या. मात्र “सकाळी अर्धी, रात्री एक” हे त्यांनी न अडखळता सांगितले आणि पिशवीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढून दाखविली. त्या दिवशी आजींच्या स्मरणशक्तीनेच माझी लाज राखली.

दुरुस्तीसाठी आलेल्या तरुणाने पाहताक्षणी सांगितले, “फॉरमॅट मारावं लागेल.” मी होकार देणारच होतो, पण त्यापूर्वी नागपूरच्या एका वर्गमित्राला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “आत फ्लॉपी राहिली आहे का?” राहिली होती! आदल्या रात्री एक पत्र उतरवून घेताना ती मीच विसरलो होतो. फ्लॉपी काढताच संगणक सुरळीत सुरू झाला.

कारण साधे होते. संगणक सुरू होताना बायोस हा मूळ प्रोग्रॅम फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क असा ठरलेल्या क्रमाने शोध घेई. विंडोज एक्सपीला जागे करणारी एनटीएलडीआर ही फाईल हार्ड डिस्कवर असे. फ्लॉपी आत राहिली की तिच्यावरील आरंभीची सूचना ती फाईल फ्लॉपीवरच शोधू लागे. फाईल हरवलेली नसे. शोध चुकीच्या घरी चाललेला असे.

पुढे या तक्रारीचे विभेदक निदान शिकलो. फाईल खरोखरच गेली असेल, तर एक्सपीच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोल उघडून एनटीएलडीआर व एनटीडिटेक्ट या दोन फायली सी ड्राइव्हवर उतरविता येत. ‘हॅल डॉट डीएलएल’ हरवल्याचा संदेश आला, तर पुष्कळदा ती फाईल जागेवरच असे. बूट डॉट आयएनआय या यादीतील पत्ता चुकलेला असे. वीज अचानक गेल्यानेही सिस्टीमच्या फायली बिघडत. डेस्कटॉप दिसल्यानंतर अमुक फाईल सापडत नाही असा संदेश येणे, हा बहुधा सौम्य प्रकार : अँटिव्हायरसने विषाणूची फाईल काढलेली असते, परंतु तिला सुरू करण्याची नोंद मागे उरलेली असते. ती नोंद काढली की काम भागते. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र कोणताही प्रयोग न करता आधी माहिती वाचवावी.

एक्सपीचा काळ सरला. ८ एप्रिल २०१४ रोजी त्याला मिळणारा आधारही थांबला. व्हिस्टापासून एनटीएलडीआरची जागा बूट मॅनेजरने घेतली. तरीही दुखणे संपलेले नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाईलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांपासून इस्पितळांपर्यंत कामकाज विस्कळीत झाले. तेथे उपाय उलटा होता : संगणक सेफ मोडमध्ये उघडून ती फाईल काढून टाकायची. म्हणजे लक्षण सारखे दिसले, तरी उपचार निदानावरच ठरतो.

फॉरमॅट ही शस्त्रक्रिया आहे. ती अखेरीस करावी आणि माहितीची प्रत हाती असल्याशिवाय तर करूच नये. तेव्हापासून दर शनिवारी मी नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन घरी ठेवतो. आणि औषधाची मात्रा रुग्णाच्या कार्डावर स्वहस्ते लिहितो. आजी प्रत्येक घरी असतीलच असे नाही.