हॉप्स कधी घालावेत? गणित फोडणीचेच!

खडा मसाला तेलात आधी पडतो आणि कोथिंबीर आमटी उतरवताना, हे सुगरणीला कुणी शिकवावे लागत नाही. जिन्नस तेच असले तरी वेळ चुकली की चव बिघडते. बिअर बनवणाऱ्यांचेही अगदी असेच असते. त्यांचा मसाला म्हणजे हॉप्स!

भोपाळचे नाव बिअरशी जोडले गेले ते तिथल्या सोम कंपनीच्या ‘हंटर’मुळे. मात्र हॉप्स काही भोपाळच्या मातीतले पीक नव्हे. त्या वेलीला उन्हाळ्यात लांबलचक दिवस आणि हिवाळ्यात चांगली थंडी लागते. भोपाळहून विदिशाला जाताना तर वाटेत कर्कवृत्तच ओलांडावे लागते! आपल्या देशात हॉप्सची लागवड झाली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. एरवी भिस्त परदेशी मालावरच.

हॉप्सचे फूल हिरवट, पापुद्र्यापापुद्र्यांचे असते. त्या पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. बिअरचा कडवटपणा आणि सुवास, दोन्ही तिच्यातच. गंमत अशी, की कडवटपणाला दीर्घ उकळी लागते, तर सुवास उकळीबरोबर वाफेत उडून जातो. म्हणूनच प्रश्न वेळेचा!

मोड आणून वाळवलेल्या सातूचे गोड पाणी साधारण तासभर उकळतात. उकळी फुटताच घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, कारण त्यातील आम्लांचे रूप उष्णतेने बदलते आणि मगच ती पाण्यात नीट उतरतात. उकळी संपायला पंधरा-वीस मिनिटे उरली असताना घातले तर थोडा कडवटपणा आणि बरीचशी चव मिळते. आच बंद करताना घातले तर मुख्यतः सुवास. आणि बिअर आंबून थंड झाल्यावर तीन-चार दिवस तसेच भिजत ठेवले, तर कडवटपणा फारसा न वाढता लिंबू, फुले, ताजे गवत असा गंध उतरतो. गवती चहा आपण शेवटी घालून झाकण ठेवतो ना, तसेच हे!

हॉप्स केवळ चवीसाठी नसतात. बिअर नासवणाऱ्या काही जिवाणूंना ते रोखतात. सुएझ कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी विलायतेची बिअर आफ्रिकेला वळसा घालून काही महिन्यांनी हिंदुस्थानात पोहोचायची. ती टिकावी म्हणून हॉप्स जास्त घालत, पिंपातही टाकत. त्या बिअरच्या नावात आजही ‘इंडिया’ आहे, ‘इंडिया पेल एल’! बिअरची बाटली तपकिरी का, याचे उत्तरही हॉप्समध्येच. उकळलेल्या हॉप्सवर ऊन पडले की बिअरला उग्र वास येतो.

आता कळीचा मुद्दा. परदेशातला भाचा किंवा पुतण्या फोनवर सांगतो, “मावशी, मी घरी बिअर केली!” ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने मोकळीक दिली. तो सुट्टीत भोपाळला आला आणि तिथेही पातेले चढवू म्हणाला, तर मात्र थांबवावे. मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा ठरतो. आदिवासींना घरगुती वापरासाठी पारंपरिक दारूची सवलत आहे, ती सर्वांना नाही. महाराष्ट्रातही परवाना हवाच. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, तीही परवाना घेऊनच.

परदेशी घरात कुत्रा असेल तर आणखी एक गोष्ट भाच्याच्या कानावर घालावी. वापरलेला हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. अंगाचा ताप एकदम भडकून ते मुके जनावर दगावू शकते. चोथा बंद डब्यातच टाकावा.

पिणे न पिणे ज्याचे त्याचे. पण कोणता जिन्नस उकळीत घालायचा आणि कोणता उकळीपासून जपायचा, हे शास्त्र आपल्या चुलीपाशीही रोज चालूच असते की!