पोस्ट ही दर्शनी हुंडीच

दापोलीहून किनाऱ्याकडे उतरत गेले की लाडघरच्या पुढे बुरोंडी लागते. मच्छीमारांचे जुने बंदर, डोंगरउतारावरील आंबा-काजूच्या बागा आणि पृथ्वीगोलावर उभी असलेली परशुरामाची भव्य मूर्ती पाहण्यास येणारे पर्यटक, अशी या गावाची आजची ओळख आहे. पूर्वी अशा गावातला हापूस पेटीत भरून मुंबईच्या बाजारात जाई, दलालाच्या गाळ्यावर त्याचा भाव ठरे, आणि तो अखेर कोणाच्या घरी पोहोचला हे बागायतदारास कळत नसे. आज बागेतल्या मोहोराचे छायाचित्र जानेवारीत पुण्यातील ग्राहकाच्या मोबाईलवर दिसते आणि एप्रिलमध्ये पेटीची मागणी थेट व्हॉट्सॲपवर येते. मधली साखळी आखूड झाली, हे चांगलेच झाले. परंतु त्या साखळीत पूर्वी दलालाची, आडत्याची पत गुंतलेली असे. आता ती पोस्ट टाकणाऱ्याची स्वतःची गुंतते, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

व्यापारी घराण्यांना पत म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आपल्या पणजोबांच्या काळी दर्शनी हुंडी दाखवताच सकारावी लागे. ती एकदा जरी परत गेली, तरी त्याची वार्ता पेठोपेठी पोहोचे आणि पेढीचे नाव सावरण्यास वर्षे लागत. समाजमाध्यमावरील पोस्टचे स्वरूप तेच आहे. ‘अस्सल हापूस, अढीत पिकवलेला, घरपोच’ असे लिहिले, की आपण ग्राहकाच्या नावे हुंडी काढली. तो पेटी उघडेल त्या क्षणी ती सकारावी लागते. ‘पर्सनल ब्रँडिंग’ हा शब्द नवा असला, तरी त्यामागची वस्तू आपल्या ओळखीची आहे. तिचे नाव पत.

जुन्या नावांचे नवे दोष

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना आजची बाजारपेठ डोळ्यांसमोर उभी राहते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे अस्सल मालाच्या नावाने तसाच दिसणारा दुसरा माल खपवणे. त्यातच ‘हीनाधिक मानोन्मान’ आहे, म्हणजे मापात लबाडी. सत्य व्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि ‘न्यासापहार’ येतो, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव बळकावणे. हे चारही दोष आज मोबाईलवरून, आणि पुष्कळदा नकळत घडतात.

प्रतिरूपक व्यवहाराचे उदाहरण कोकणात दर हंगामात पाहावयास मिळते. कर्नाटकातील आंबा हापूसच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. याच कारणाने ‘हापूस’ या नावास ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरते ते आहे. ज्या संस्थांनी त्यासाठी प्रयत्न केले, त्यांत दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि बुरोंडीच्याच तालुक्यातील केळशी परिसरातील आंबा उत्पादकांचा संघ यांचा समावेश होता. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार असे नाव खोटेपणाने लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे भय बाजूस ठेवले, तरी मूळ प्रश्न उरतोच. पुण्यातील दुकानदाराने दुसऱ्या प्रांतातील पेटीचे छायाचित्र ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून टाकले, की बुरोंडीच्या बागायतदाराने वर्षभर राखलेल्या झाडाची किंमत तो परस्पर उचलतो. पायरी, केसर किंवा नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेली रत्ना ही फळे आपापल्या नावाने विकण्यात कोणताही कमीपणा नाही.

देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात यावर एक उपाय योजला. प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा, काढताच फाटणारा स्टिकर लावायचा. त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून ग्राहकाने खात्री करून घ्यायची. ज्या माध्यमातून खोटेपणा पसरतो, तेच माध्यम पडतळणीसाठी वापरले, हे त्यातील शहाणपण. प्रत्येक पेढीस एवढी यंत्रणा उभारता येणार नाही. पण पेटी कोणत्या गावच्या बागेतील आहे आणि फळ कोणत्या तारखेस उतरवले, एवढे पोस्टमध्ये व पेटीवरील चिठ्ठीवर लिहिणे कोणासही शक्य आहे.

शब्द तोलून, फळ मोजून

मापाचा दोष डझनाच्या हिशेबात लपतो. एका डझनात दोनशे ग्रॅमची फळेही बसतात आणि तीनशे ग्रॅमचीही. छायाचित्र मोठ्या फळाचे आणि पेटीत लहान फळ, यालाच हीनाधिक मानोन्मान म्हणावे. म्हणून दराशेजारी फळाचे वजन ग्रॅममध्ये द्यावे. ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ या शब्दांचेही तसेच. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, इथिलीन वायूस मर्यादित प्रमाणात परवानगी आहे. चेंबरमध्ये इथिलीनवर पिकवलेले फळ पेंढ्याच्या अढीतले म्हणून सांगू नये. दोन्ही विकता येतात, शब्द मात्र खरा हवा.

हापूसमध्ये साका निघतो, आणि तो बाहेरून दिसत नाही, हे प्रत्येक बागायतदारास ठाऊक आहे. बहुतेक जाहिराती त्याविषयी गप्प असतात. ‘साका निघाल्यास छायाचित्र पाठवावे, तेवढी फळे बदलून देऊ’ हे वाक्य पोस्टमध्ये आधीच असेल, तर तक्रार आली तरी भांडण होत नाही. प्रतिकूल अभिप्राय पुसून टाकण्यापेक्षा त्याच ठिकाणी नम्रपणे उत्तर देणे अधिक हिताचे. पाहणारे शंभर ग्राहक तक्रारीपेक्षा उत्तराकडे पाहून मत बनवतात.

नातेवाइकांकडून किंवा पैसे देऊन लिहून घेतलेले पाच ताऱ्यांचे अभिप्राय ही सरळ कूटलेखक्रिया आहे. एखाद्या लोकप्रिय व्यक्तीस मोबदला किंवा फुकट पेटी देऊन प्रशंसा करवून घेतली, तर ती जाहिरात आहे हे तिथेच स्पष्ट लिहावे लागते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र शासनाने २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ग्राहकाचा क्रमांक ही ठेव

ग्राहकाने आपला मोबाईल क्रमांक व घराचा पत्ता पेटी पोहोचावी म्हणून दिलेला असतो. ती त्याची ठेव आहे. सर्व ग्राहकांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप केला, की प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसू लागतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. एका यादीत २५६ जणांपर्यंत संदेश जातो, कोणास दुसऱ्याचा क्रमांक दिसत नाही, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तो मिळतो. ही मर्यादा वाटते, पण त्यामुळेच ज्यांना आपण हवे आहोत त्यांच्यापर्यंतच आपण जातो. ग्राहकाचे संभाषण, त्याच्या घरातील कार्याचे छायाचित्र किंवा त्याची उधारी त्याच्या संमतीवाचून कोठेही दाखवू नये.

आपले छायाचित्र चोरून, त्यावर परका क्यूआर कोड लावून फसवणूक करणारे लोक आहेत. म्हणून पेटी, पावती आणि पोस्ट या तिन्हींवर एकच क्रमांक असावा, व पैसे कोणत्या नावाने जमा होतात हे ग्राहकास आधी सांगावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

पेढी आणि घर

लहान व्यवसायात मालकाचा चेहरा हाच पेढीचा चेहरा असतो. म्हणून व्यवसायाच्या क्रमांकावरून राजकीय वाद, अर्धवट वाचलेले संदेश, दुसऱ्या समाजाची थट्टा पुढे पाठवणे टाळावे. निरर्थक बडबडीस आपल्या शास्त्रकारांनी ‘मौखर्य’ म्हणून अनर्थदंडाच्या दोषांत गणले आहे. लग्नातील दागिने, मुलांच्या शाळेचे नाव, सहकुटुंब गावाला निघाल्याची वार्ता हीही जगजाहीर करण्याची गरज नसते. दान दिल्याचे छायाचित्र टाकण्यापूर्वी घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे.

पुष्कळ घरांत पेढीचे इन्स्टाग्राम मुलगा किंवा सूनबाई सांभाळतात, आणि वडीलधारी मंडळी ‘त्यातले आम्हाला कळत नाही’ म्हणून बाजूस राहतात. यंत्र त्यांना कळत नसेल, पण शब्दाची किंमत त्यांनाच अधिक कळते. तरुणांनी लिहावे आणि पाठवण्यापूर्वी वडिलांनी एकदा वाचावे, अशी रीत घरात पडली तर दोघांचाही लाभ आहे. येत्या हंगामाची पहिली पोस्ट टाकण्याआधी एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र बसावे, मागील वर्षाच्या पोस्ट आणि मागणीची वही समोर ठेवावी, आणि कोणत्या हुंड्या सकारल्या, कोणत्या परत गेल्या, याचा हिशेब करावा. ज्या परत गेल्या असतील, त्या ग्राहकांना आजही दूरध्वनी करता येईल.