देवीचे नेसण

नवरात्रात घरोघरी पुजिली जाणारी, जरीकाठी साडीतील कमलावरची लक्ष्मी आपल्या डोळ्यांत कोठून आली? राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो मळवलीस गेला. तेथील चित्रांनी देव्हाऱ्यांतून सौंदर्याची कल्पनाच घडविली.

माझी आई सकच्छ नऊवारी नेसे. कासोटा घातला, पदर खोचला, की हात-पाय मोकळे. त्याच नेसणात ती जात्यावर दळी, आडाचे पाणी शेंदी. पुढे पाचवारी रूढ झाली, नऊवारी समारंभापुरती उरली. आता ती शिवलेलीही मिळते. नात ती चढवून विचारते, "आजोबा, चित्रातल्यासारखी दिसते ना?"

वाचकहो, चित्रास नमस्कार अवश्य करावा. परंतु कष्टणाऱ्या माउलीचे रूप ओळखावयास डोळे उसने घेऊ नयेत.