अजिंठ्याचीं चित्रें आणि आपले हात

अजिंठ्याच्या लेण्यांवर मराठींत आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, पद्मपाणीच्या अर्धोन्मीलित नेत्रांचें वर्णन पुनः वाचावयास लावणें म्हणजे वाचकांच्या सहनशीलतेचा अंत पाहणें होय. येथें विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. दीड हजार वर्षें अंधारांत सुखरूप राहिलेलीं हीं चित्रें गेल्या दोनशें वर्षांत इतकीं कां झिजलीं, आणि जीं उरलीं आहेत तीं राखावयाचीं कोणीं?

सरकारनें, असें उत्तर आपण चटकन् देऊन मोकळे होतों. परंतु हीं लेणीं घडलीं तीं कांहीं केवळ राजाज्ञेनें नव्हे. दहावें लेणें सर्वांत जुन्यांपैकीं एक. त्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मी लिपींत एक लहानसा लेख आहे. वासिष्ठीपुत्र कटहादि नांवाच्या कोणा गृहस्थानें तो दर्शनी भाग दान दिला, एवढेंच त्यांत सांगितलें आहे. सोळावें लेणें वाकाटक नृपति हरिषेण याचा मंत्री वराहदेव यानें करविलें. सव्विसाव्यांत बुद्धभद्र नांवाच्या भिक्षूचा संस्कृत लेख आहे. मनुष्याची स्मृति जगांत ताजी असेतोंवर तो स्वर्गांत सुख भोगतो, म्हणून पर्वतावर चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असें स्मारक उभारावें, असा त्याचा आशय आहे.

स्मृति मागें ठेवण्याची हीच हौस पुढें चित्रांच्या मुळावर आली. २८ एप्रिल १८१९ रोजीं शिकारीच्या निमित्तानें आलेला जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी दहाव्या लेण्यांत शिरला, आणि त्यानें एका खांबावरील बोधिसत्त्वाच्या चित्रावरच आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. त्या वेळीं लेण्यांत माती व दगड साचून जमीन बरीच उंच झाली होती. म्हणून आज तें नांव आपल्या डोक्याच्या वर दिसतें. त्यानंतर जे जे आले ते बहुतेक सारे प्रेमानेंच आले, हें विशेष! डॉक्टर जेम्स बर्ड या विद्वानानें संग्रहालयासाठीं म्हणून कांहीं आकृति भिंतीवरून सोडविण्याचा यत्न केला, तों त्या हातांत भुगा होऊन आल्या. भिंतीवरून निघालेला असाच एक तुकडा दूर अमेरिकेंत बोस्टनच्या संग्रहालयांत जाऊन बसला आहे.

भुगा कां झाला, हें समजावयास भिंतीची घडण पाहिली पाहिजे. कातळ काळा व टणक आहे खरा. पण चित्रें कातळावर नाहींतच. टांकीनें खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर मातीचा गिलावा, त्यांत भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु कालविलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यांत मिसळलेले रंग. तांबडी, पिवळी व हिरवी माती जवळपासची. निळा राजावर्त तेवढा परदेशचा. म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंतीचीच ही मोठी बहीण. पावसाचें पाणी मुरलें कीं पोपडा सुटावयाचा, आणि तुसाच्या लोभानें किडे आंतून पोखरावयाचे.

मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून कित्येक वर्षें येथें राहून प्रतिकृति रंगविल्या. त्याची व पारोची कथा ना. धों. महानोरांच्या काव्यामुळें आपल्या घराघरांत पोंचली आहे. गिलच्या बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांकडून नव्या करविल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ च्या लंडनमधील आगींत गेल्या. दैव असें कीं नकला जळत गेल्या. आणि मूळ चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांवर चढविलेलें रोगण मात्र जागींच राहून काळवंडत गेलें. १९१४ सालीं निजामाच्या राज्यांत पुरातत्त्व खातें निघालें, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले, आणि १९२० नंतर इटलीहून कुशल कारागीर आणविण्यांत आले. त्यांनीं सुटत चाललेला गिलावा घट्ट बसविला, हे उपकार थोर. पण त्यांनीं लाविलेलें लाखेचें रोगणही पुढें पिवळें पडलें. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर लेणीं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आलीं, आणि तेथील रसायनज्ञांच्या वांट्यास तें रोगण बोटभर बोटभर उतरविण्याचें काम आलें.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि चित्रकारांस बरोबर घेऊन अजिंठ्यास गेले व १९३२ सालीं त्यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ निघाला. ही जपणूक मला अधिक रुचते. कारण ती कागदावर चालते, भिंतीवर नव्हे. आमच्या काळांत नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनींही हाच मार्ग धरला. वर्षानुवर्षें मंद प्रकाशांत छायाचित्रें घेऊन, गळून गेलेला भाग ते संगणकावर पुनः उभा करितात.

आणि ज्यांचें नांव कोणत्याच ग्रंथांत येत नाहीं, ते गांवकरी? विजेचे दिवे येण्यापूर्वीं आरशांनीं व पांढऱ्या कापडांनीं बाहेरचें ऊन आंत वळवून चित्रें दाखविणारे तेच. वृद्धांस डोलींत बसवून वर नेणारे तेच. जपानच्या कर्जाच्या साह्यानें १९९२ पासून जी योजना चालली, तींत पायथ्याचीं दुकानें फर्दापूरच्या फाट्यावर नेण्यांत आलीं, आणि प्रवाशांच्या मोटारीही तेथेंच थांबूं लागल्या. पुढचे चार किलोमीटर बसनें जावयाचें. धूर व धूळ लेण्यांपासून दूर राहिली. पण स्फटिकांचे दगड विकून ज्याची चूल पेटते, त्यानें चार किलोमीटर मागें सरणें ही लहान गोष्ट नव्हे. बसची वाट पाहतांना कुरकुरणाऱ्या आपण शहरवासीयांनीं याचा हिशेब कधीं केला आहे काय?

शिक्षकाच्या नोकरींत असतांना मुलांच्या सहली घेऊन मी तेथें अनेकदां गेलों. एकदां सतराव्या लेण्यांत एका मुलानें हळूच विचारलें, "सर, आपल्या श्वासानेंसुद्धां चित्र खराब होतें का?" होतें, म्हणून मीं सांगितलें, गर्दी दाटली कीं आंतील हवा दमट होते, आणि ती ओल गिलाव्यास बाधते. तो पोरगा पुढें तोंडावर रुमाल धरून चालला. त्याच वेळीं शेजारीं एक सुशिक्षित गृहस्थ कडेवरच्या बाळाचा हात धरून "हा बघ हत्ती" म्हणत भिंतीकडे नेत होते. पहारेकऱ्यानें विजेरी दाखवून अडविलें, तों त्यालाच चार शब्द ऐकावे लागले. संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. परंतु तीसेक लेण्यांतील प्रत्येक भिंतीपाशीं शिपाई उभा करणें कोणत्याही सरकारास साधणारें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत सहकुटुंब जाणाऱ्यांनीं आधीं घरीं मुलांस जातककथा वाचून दाखवाव्यात. दहाव्या लेण्यांत सहा सुळ्यांचा हत्ती आहे, सतराव्यांत सर्वस्व देऊन टाकणारा विश्वंतर राजपुत्र आहे. गोष्ट ठाऊक असली कीं मुलें पात्रें डोळ्यांनींच शोधूं लागतात. पादत्राणें बाहेर काढावींत, छायाचित्रांसाठीं झगझगीत प्रकाश पाडूं नये. त्यास बंदीच आहे. आणि सोमवारीं लेणीं बंद असतात, हें निघण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.