एआयने बनवलेलं प्रोटीनचं मॉडेल: केशरी रंगाचा अर्थ काय?

दिवाळीत कुरुंद्याला घरी गेलो, तेव्हा चुलतभावाने विचारलं, "एआयने प्रोटीनचा फोटो काढला म्हणे?" फोटो नाही रे, अंदाज!

त्याच्याच फोनवर अल्फाफोल्डची मोफत वेबसाइट उघडून टीडीपी-४३ शोधलं. आपल्या पेशींमध्ये आरएनएला धरणारं हे प्रोटीन म्हणजे ४१४ अमिनो आम्लांची साखळी. अल्फाफोल्ड या साखळीचा क्रम इतर जीवांमधल्या मिळत्याजुळत्या क्रमांशी ताडून बघतं. प्रयोगशाळेत आधी सापडलेल्या रचनांवरून ते शिकलेलं असतं, त्यामुळे साखळीची घडी कशी पडेल ते सांगतं. (२०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल याच कामाला, हॅसाबिस आणि जंपर यांना.)

आता रंग बघा. गडद निळा म्हणजे मॉडेलला पक्की खात्री, केशरी म्हणजे १०० पैकी ५० च्याही खाली. आरएनएला धरणारे दोन्ही भाग बहुतेक निळे, पण शेपटी केशरी, सुटलेल्या दोऱ्यासारखी.

"इथं चुकलंय," भाऊ म्हणाला.

चुकलं नाही. ती शेपटी एका आकारात थांबतच नाही, आणि चित्रात दिसतो तो आकार खरा धरायचा नसतो. पंचाईत अशी, की एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजारात टीडीपी-४३ मध्ये सापडलेले बहुतेक बदल याच शेपटीत आहेत. त्यांचा परिणाम तपासायला अजून प्रयोगशाळाच लागते.