चाकं काढा, हिवाळा आला!

कडाक्याची थंडी पडली की प्रवास थांबतो, अशी आपली समजूत. जुन्या रशियात नेमकं उलटं होतं. वसंतात बर्फ वितळू लागला आणि शरदात पावसाची झड लागली, की तिथले कच्चे रस्ते आपल्याकडच्या आषाढातल्या गाडीवाटेसारखे होत; चाकं आसापर्यंत रुतायची. डिसेंबरात मात्र जमीन टणक व्हायची, नद्या गोठून त्यांचेच हमरस्ते बनायचे. मग चाकं उतरवून त्या जागी पुढून वर वळलेल्या लाकडी घसरपट्ट्या बसवायच्या, की देश चालू लागला.

मालवाहतुकीचा हंगाम हाच. १७३०च्या डिसेंबरात गोठलेल्या मासळीच्या स्लेजगाड्यांच्या तांड्याबरोबर एकोणीस वर्षांचा एक कोळ्याचा पोरगा उत्तरेतून मॉस्कोकडे निघाला. पुढे रशियन विज्ञानाचा पाया घालणारा मिखाईल लोमोनोसोव तो हाच. शेतीची कामं संपली की खेडूत आपापली किडमिडी घोडी जुंपून शहरात भाडी मारायला येत. अशा स्वस्तातल्या गाडीवानाला शहरी लोक सरसकट ‘वान्का’ म्हणून हाक मारत. तुच्छता होतीच त्यात, पण त्याच्यावाचून चालतही नसे.

दरबाराची तऱ्हा वेगळी. सम्राज्ञी एलिझाबेथ १७४२मध्ये राज्याभिषेकासाठी मॉस्कोत आली ती घसरपट्ट्यांवरच्या बंदिस्त गाडीतून. अशा गाडीला ‘वोझोक’ म्हणतात. १७३२ साली बनवलेल्या या गाडीत बाकं आहेत, मधोमध टेबल आहे, उबेसाठी शेगड्यांची सोय होती. पीटर द ग्रेटच्या घराण्यातल्या लहान मुलांसाठी केलेली अशीच एक चिमुकली गाडी आहे, तिच्या खिडक्यांना अभ्रकाचे तुकडे बसवलेत. कॅथरीन दुसरीने तर ताळतंत्रच सोडलं. जानेवारी १७८७मध्ये ती क्रिमियाकडे निघाली तेव्हा ताफ्यात १४ मोठ्या गाड्या, १२४ स्लेज आणि ४० जादा स्लेज होत्या, आणि प्रत्येक टप्प्यावर ५६० ताजे घोडे तयार. हा प्रवास होता की फिरतं शहर?

माझ्या मते खरी कारागिरी राजवाड्यात नाही, त्रोइकात आहे. तीन घोडे शेजारी-शेजारी, पण चाल एक नाही. मधला दांड्यांच्या मध्ये, जोरदार दुडक्या चालीत. बाजूचे दोघे नुसत्या पट्ट्यांनी जोडलेले, माना बाहेर वळवून चौखूर उधळलेले. मधल्याच्या मानेवर लाकूड वाकवून केलेली उंच कमान असते, ‘दुगा’. ती फक्त शोभेची नाही: दोन्ही दांडे एकमेकांपासून ताणून धरते, खाचखळग्यांचे हिसके पचवते. तिच्याखालीच घंटा टांगतात. वाल्दाई गावच्या घंटांचं नाव तेव्हा देशभर होतं, कारण धुक्यात, अंधारात, भरधाव टपालगाडी येतेय हे ऐकू येणं गरजेचं होतं. गाडीवानाच्या हातात चार लगाम: दोन मधल्याचे, एकेक बाजूच्यांचा. त्यावर तो ताशी ४५-५० किलोमीटरचा वेग काढायचा. मधल्या जागेसाठी ऑर्लोव जातीचे घोडे नावाजलेले होते. काउंट अलेक्सेई ऑर्लोवच्या ख्रेनोवोयेच्या पागेत, अरबी रक्त मिसळून, ते पैदा झाले.

धावती स्लेज चित्रात पकडणं सोपं नव्हतं. वासिली सुरिकोवच्या १८८७च्या ‘बोयारीन्या मोरोझोवा’ या भव्य चित्रात बेड्या घातलेल्या बाईची खेडवळ स्लेज गर्दीतून चाललीय. ती जागची हलत नाही असं त्याला वाटत राहिलं, तेव्हा त्याने खालून कॅनव्हासला जोड देऊन पुढचा बर्फ वाढवला आणि स्लेज चालू लागली.

१८५१मध्ये पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वे सुरू झाली आणि लांब पल्ल्याच्या स्लेजचा मान ओसरू लागला.

मॉस्कोला जाल तर क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात मुकुट आणि हिरे पाहून परत फिरू नका. एलिझाबेथची वोझोक तिथे तळमजल्यावरच्या गाड्यांच्या दालनात उभी आहे. गुरुवार तेवढा टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.